गढ्याचे वैभव आणि गोंडीचे मौन

एखाद्या समाजाचा गौरव करणे सोपे असते. त्याची भाषा ऐकून घेणे अवघड असते. गौरवासाठी एक पुतळा, एक नामफलक आणि वर्षातून एक समारंभ पुरतो. भाषा ऐकण्यासाठी मात्र शाळा, कचेरी, न्यायालय आणि बाजार या सर्व ठिकाणी जागा करून द्यावी लागते. नर्मदेच्या काठी वसलेल्या जबलपूर शहराकडे पाहिले की हा फरक स्पष्टपणे ध्यानात येतो.

जबलपूरच्या इतिहासाचा पाया गोंड राजांनी घातला. आज शहराचाच एक भाग बनलेले गढा हे त्यांच्या राज्याचे मूळ ठाणे. टेकडीवरच्या प्रचंड शिळेवर उभा असलेला मदनमहाल हे त्या राजवटीचे सर्वपरिचित चिन्ह. सोळाव्या शतकात संग्रामशाहाने बावन्न गढांपर्यंत राज्य वाढवले, असे परंपरा सांगते. त्याची सून राणी दुर्गावती २४ जून १५६४ रोजी मोगल सरदार आसफखानाच्या सैन्याशी लढताना कामी आली. पुढे १८५७ च्या उठावात याच घराण्यातील राजा शंकरशाह आणि त्यांचे पुत्र रघुनाथशाह यांना इंग्रजांनी १८ सप्टेंबर रोजी जबलपुरात तोफेच्या तोंडी दिले. या स्मृती शहराने जपल्या आहेत. १९५६ मध्ये स्थापन झालेल्या जबलपूर विद्यापीठाला १९८३ मध्ये राणी दुर्गावतीचे नाव देण्यात आले. तिच्या नावाचे संग्रहालयही शहरात आहे.

हे सर्व योग्यच आहे. परंतु ज्या समाजातून हे राज्य उभे राहिले, त्या समाजाची गोंडी भाषा या शहरात किती ठिकाणी ऐकू येते? रेल्वे स्थानकावरच्या सूचनांत, विद्यापीठाच्या व्याख्यानांत, न्यायालयाच्या कामकाजात किंवा शाळेच्या पहिल्या धड्यात ती सहसा भेटत नाही. मंडला, डिंडोरी, बालाघाट, सिवनी या आसपासच्या जिल्ह्यांतून मजुरीसाठी, शिक्षणासाठी किंवा उपचारासाठी शहरात येणारा गोंड माणूस गावाची वेस ओलांडताच हिंदी बोलू लागतो. कित्येक घरांत तर वेशीच्या आतही गोंडी उरलेली नाही. राणीचे नाव मोठ्या अक्षरांत लिहिले गेले आणि तिच्या प्रजेची भाषा ओठांवरून पुसली गेली. ही विसंगती गंभीर आहे, आणि तिचा विचार केवळ गोंड समाजाने नव्हे, तर प्रत्येक भाषाप्रेमी माणसाने करायला हवा.

गोंडी ही हिंदीची अथवा मराठीची पोटबोली आहे, असा समज अनेकांच्या मनात असतो. तो चुकीचा आहे. गोंडी ही द्रविड कुळातील स्वतंत्र भाषा आहे. उंदी, रंड, मुंड, नालुंग, सैयुंग ही गोंडीतील एक ते पाच या संख्यांची नावे. यांतील 'रंड' तेलुगूतील 'रेंडु' आणि तमिळमधील 'इरंडु' यांच्याशी नाते सांगतो. 'नालुंग' हा तेलुगूतील 'नालुगु'चा सख्खा भाऊ आहे. हिंदी आणि मराठी या आर्यकुळातील भाषांच्या वस्तीत राहूनही या भाषेने आपली मूळ ओळख शतकानुशतके टिकवली. २०११ च्या जनगणनेनुसार गोंडी ही मातृभाषा सांगणाऱ्यांची संख्या सुमारे २९ लाख ८४ हजार होती. गोंड जमातीची लोकसंख्या मात्र एक कोटीहून अधिक आहे. याचा अर्थ असा, की ढोबळमानाने चार गोंड माणसांपैकी तिघांच्या तोंडून पूर्वजांची भाषा नाहीशी झाली आहे.

हे कसे घडले? भाषा एका दिवसात मरत नाही. ती एकेका दारातून बाहेर पडते. पहिले दार राजदरबाराचे होते. मंडल्याजवळच्या रामनगर येथे हृदयशाह राजाच्या काळातील १६६७ चा प्रसिद्ध शिलालेख आहे. त्यात गढ्याच्या गोंड राजांची वंशावळ कोरलेली आहे. पण ती संस्कृतात! आपल्या कुळाची कहाणी दगडावर कोरून ठेवताना राजाला आपल्या लोकांची भाषा प्रतिष्ठेची वाटली नाही. पुढे शंकरशाह आणि रघुनाथशाह यांच्याविरुद्ध पुरावा म्हणून इंग्रजांनी जे काव्य पुढे केले, तेही हिंदीच्या परंपरेतले होते. याच सतराव्या शतकात महाराष्ट्रात काय चालले होते, हे आठवले म्हणजे फरक उमगतो. शिवाजी महाराजांनी राज्यव्यवहारातील फारसी शब्दांना पर्यायी शब्द देणारा कोश तयार करविला. त्याआधी चार शतके ज्ञानेश्वरांनी गीतेचा अर्थ मराठीत आणून लोकभाषेला ज्ञानाची भाषा केले होते. मराठीला राजाश्रयही मिळाला आणि संतांचा आधारही. गोंडीजवळ राजे होते, परंतु राजभाषेचा मान नव्हता.

दुसरे दार सत्तांतराचे. १७८१ मध्ये गढा-मंडल्याचे राज्य सागरच्या मराठी सत्तेखाली गेले, १७९८ मध्ये ते नागपूरकर भोसल्यांकडे आले आणि १८१७ नंतर तेथे इंग्रजांचा अंमल बसला. सत्ता बदलत गेली, तशा दप्तराच्या भाषा बदलल्या. गोंडी मात्र कोणत्याच दप्तरात शिरली नाही. जमिनीचा कागद, सावकाराची वही आणि कचेरीचा हुकूम या तिन्ही गोष्टी न कळणाऱ्या भाषेत असल्या, म्हणजे माणसाचे किती नुकसान होते, हे वेगळे सांगण्याची गरज नाही. अशा वेळी माणूस आपली भाषा सोडतो ती हौसेने नव्हे. फसवणूक टाळण्यासाठी सोडतो.

तिसरे दार सर्वांत महत्त्वाचे आहे आणि ते स्वतंत्र भारतातील आहे. १ नोव्हेंबर १९५६ रोजी देशाची भाषावार पुनर्रचना झाली. १ मे १९६० रोजी मराठी भाषकांचे महाराष्ट्र राज्य अस्तित्वात आले. त्यासाठी १०५ हून अधिक लोकांनी प्राण दिले, हे महाराष्ट्र विसरलेला नाही. परंतु ज्या रेषांनी तेलुगू, मराठी, उडिया आणि हिंदी भाषकांना आपापली राज्ये दिली, त्याच रेषांनी गोंडी भाषकांचे तुकडे पाडले. मध्य प्रदेश, महाराष्ट्र, आंध्र आणि ओडिशा यांत गोंडी समाज विभागला गेला. पुढे छत्तीसगड आणि तेलंगणा ही राज्ये झाल्यावर वाटे आणखी वाढले. प्रत्येक राज्यात गोंड मुलाला वेगळी राजभाषा शिकावी लागते. मंडल्याचा गोंड हिंदीत शिकतो, गडचिरोलीचा मराठीत आणि आदिलाबादचा तेलुगूत. भाषेच्या न्यायासाठी आखलेल्या नकाशाने एका भाषेवर असा अन्याय केला. तो कोणी हेतुपुरस्सर केला असे नाही. परंतु अन्याय अजाणता झाला म्हणून त्याची झळ कमी होत नाही.

ही कहाणी केवळ मध्य भारताची नाही. देशाच्या दुसऱ्या टोकाला, अरुणाचल प्रदेशात आणि आसामात, तानी भाषांचे कुटुंब आहे. आदी, न्यिशी, गालो, आपातानी, तागिन आणि मिसिंग या त्यांतील प्रमुख भाषा. त्या तिबेटी-बर्मी कुळातल्या आहेत. ज्याप्रमाणे गोंडीतील 'रंड' तेलुगूकडे बोट दाखवतो, त्याचप्रमाणे तानी भाषांतील दोन या अर्थाचा 'अन्यी' हा शब्द तिबेटीतील 'न्यी'शी नाते सांगतो. हे सर्व समाज स्वतःला आबोतानी या आद्य पूर्वजाची लेकरे मानतात. गोंड समाज पारी कुपार लिंगोला आपला आद्य गुरू मानतो. तानी समाजात पुरोहित वंशावळी आणि सृष्टीच्या कथा मुखोद्गत ठेवत आले. गोंडांमध्ये हेच काम परधान गायकांनी 'बाना' या तंतुवाद्याच्या साथीने केले. दोन्हीकडे ग्रंथालय होते ते माणसाच्या स्मरणात.

या दोन प्रदेशांना जोडणारे धागे इतिहासातही सापडतात. व्हेरियर एल्विन हे इंग्रज अभ्यासक १९३२ मध्ये मंडल्याच्या करंजिया गावी राहावयास गेले. त्यांच्यासोबत शामराव हिवाळे हे मराठी सहकारी होते. हिवाळे यांनी त्या गावांत आयुष्याची अनेक वर्षे वेचली आणि परधानांच्या जीवनावर १९४६ मध्ये ग्रंथ प्रसिद्ध केला. एल्विन पुढे १९५४ पासून ईशान्य सीमा प्रदेशाच्या प्रशासनाचे सल्लागार झाले. तोच आजचा अरुणाचल प्रदेश. ऑस्ट्रियन मानववंशशास्त्रज्ञ ख्रिस्तोफ फॉन फ्यूरर-हायमेनडॉर्फ यांनीही आदिलाबादचे गोंड आणि डोंगरातले आपातानी या दोन्ही समाजांचा अभ्यास केला. निजामाच्या राजवटीत १९४० च्या दशकात त्यांच्या पुढाकाराने मार्लवाई येथे गोंड मुलांच्या शिक्षणाचे काम सुरू झाले आणि देवनागरी लिपीत गोंडीची पुस्तके तयार झाली. गोंडीतून शिकवता येत नाही, असे म्हणणाऱ्यांना हे उत्तर ऐंशी वर्षांपूर्वीच मिळाले होते. परंतु पुढे त्या भागातील शाळांचे माध्यम तेलुगू झाले आणि तो प्रयोग मागे पडला.

तानी भाषांची स्थितीही चिंतेची आहे. अरुणाचलात अनेक जमाती, अनेक भाषा. त्यामुळे परस्परांशी बोलण्यासाठी हिंदी आणि शिक्षणासाठी इंग्रजी असा व्यवहार रूढ झाला. शहरांत वाढणाऱ्या कित्येक मुलांची पहिली भाषाच हिंदी होऊ लागली आहे. मात्र तेथे एक जागही दिसते. आसामातील मिसिंग समाजाने १९७२ मध्ये आपल्या भाषेसाठी 'मिसिंग आगोम केबांग' ही संस्था स्थापन केली, लिपी ठरवली, पुस्तके तयार केली आणि प्राथमिक शाळांत भाषेला प्रवेश मिळवून दिला. २०११ च्या जनगणनेत मिसिंग भाषकांची संख्या सुमारे सहा लाख तीस हजार होती. गोंडी भाषक त्यांच्या चौपटीहून अधिक आहेत. म्हणजे प्रश्न संख्येचा नाही. भाषेच्या बाजूने उभे राहणाऱ्या संघटित इच्छेचा तो प्रश्न आहे.

गोंडीला शाळेत स्थान द्यावे, असे म्हटले की काही आक्षेप घेतले जातात. त्यांचा शांतपणे विचार केला पाहिजे.

पहिला आक्षेप लिपीचा. गोंडीला लिपी नाही, मग ती शिकवायची कशी? वस्तुतः भाषा आणि लिपी या भिन्न गोष्टी आहेत. मराठी एके काळी मोडीत लिहिली जात होती, आज देवनागरीत लिहिली जाते. त्यामुळे ती दुसरी भाषा झाली नाही. शिवाय गोंडीला लिपी नाही, हे म्हणणेही खरे नाही. जबलपूर विभागातीलच बालाघाटचे मुन्शी मंगलसिंह मसराम यांनी १९१८ मध्ये गोंडीसाठी लिपी रचली. आदिलाबाद जिल्ह्यातील गुंजाळा गावी २००६ मध्ये वेगळ्याच लिपीतील गोंडी हस्तलिखिते प्रकाशात आली. या दोन्ही लिपींना अनुक्रमे २०१७ आणि २०१८ मध्ये संगणकाच्या जागतिक युनिकोड प्रणालीत स्थान मिळाले. आणि देवनागरीत गोंडी लिहिण्यास तर कोणतीच अडचण नाही.

दुसरा आक्षेप प्रमाणरूपाचा. मंडल्याची गोंडी आणि बस्तरची गोंडी सारखी नाही, मग पुस्तक कोणत्या गोंडीत काढायचे? हा प्रश्न खरा आहे. पण तो प्रत्येक भाषेपुढे येऊन गेला आहे. मालवणी, वऱ्हाडी, अहिराणी यांतील अंतर पाहून मराठी शिकवणे कोणी थांबवले नाही. प्रमाणभाषा आधी आणि पुस्तके नंतर, असा क्रम कधीच नसतो. पुस्तके, पत्रव्यवहार, वृत्तपत्रे आणि शाळा वाढत जातात, तशी प्रमाणभाषा घडत जाते. गोंडीभाषकांनी राज्याराज्यांतून एकत्र येऊन समान शब्दकोशाचे काम अलीकडच्या काळात केलेही आहे. आरंभीची पुस्तके जिल्ह्याच्या बोलीत आणि पुढची पुस्तके समान भाषेत, असा मार्ग काढता येतो.

तिसरा आक्षेप सर्वांत वजनदार आहे, कारण तो पुष्कळदा गोंड पालकच घेतात. गोंडी शिकून नोकरी मिळेल काय? मुलाला हिंदी आणि इंग्रजी आली तर तो पुढे जाईल. गोंडी त्याला मागे खेचेल. ज्या आईबापांनी भाषेमुळे अपमान सोसला, त्यांच्या या भीतीला हसणे अन्यायाचे होईल. परंतु या भीतीत एक गैरसमज दडलेला आहे. मुलाला नवी भाषा यावी म्हणून जुनी विसरली पाहिजे, असा काही नियम नाही. उलट, सहा वर्षांच्या मुलाला पहिल्याच दिवशी अपरिचित भाषेत अक्षरे शिकवली, तर ते अक्षरही शिकत नाही आणि भाषाही. शिक्षक काय म्हणतात हे कळत नाही, म्हणून ते गप्प बसते. ते गप्प बसते, म्हणून त्याला मंद ठरवले जाते. आणि मंद ठरवले गेले, म्हणून ते एक दिवस शाळा सोडते. मागे खेचले ते गोंडीने नव्हे, गोंडीकडे पाठ फिरवणाऱ्या वर्गाने. परिचित भाषेत वाचन-लेखन पक्के झाले, की दुसऱ्या भाषेची शिडी चढणे सोपे जाते. हिंदी हवीच, इंग्रजीही हवी. मात्र त्या घरच्या पायावर उभ्या राहिल्या पाहिजेत.

राज्यघटनेलाही हेच अभिप्रेत आहे. अनुच्छेद ३५०-क प्रमाणे भाषिक अल्पसंख्याक मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळावे, यासाठी राज्यांनी सोयी उपलब्ध करायच्या आहेत. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानेही शक्य तेथे किमान पाचवीपर्यंत घरच्या भाषेतून शिक्षण देण्याची भूमिका घेतली आहे. परंतु घटनेच्या आठव्या अनुसूचीतील २२ भाषांत गोंडीला स्थान नाही. २००३ च्या ९२व्या घटनादुरुस्तीने संथाळी, बोडो, डोगरी आणि मैथिली यांना ते मिळाले, ही आनंदाची गोष्ट आहे. २०११ च्या गणनेत बोडो भाषक सुमारे १४ लाख ८० हजार होते. गोंडी भाषक त्यांच्या दुप्पट होते. गोंडीच्या मागणीचा विचार अधिक काळ लांबवणे न्याय्य ठरणार नाही.

कायदा आणि व्यवहार यांतील अंतर महाराष्ट्रातही दिसून आले आहे. गडचिरोली जिल्ह्यातील मोहगावच्या ग्रामसभेने २०१९ मध्ये स्वतःच्या हिमतीवर गोंडी माध्यमाची शाळा सुरू केली. २०२२ मध्ये ती विनापरवाना असल्याची नोटीस शिक्षण खात्याने दिली आणि प्रकरण न्यायालयापर्यंत गेले. शाळांना नियम हवेत, यात शंका नाही. परंतु आपल्या मुलांनी आपल्या भाषेत शिकावे म्हणून एखादे गाव पदरमोड करते, तेव्हा शासनाने प्रथम विचारायला हवे ते हे, की या शाळेला मान्यतेच्या पात्रतेस आणण्यासाठी काय साहाय्य करता येईल. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला. मोठेपण मिळालेल्या भाषेने शेजारच्या लहान भाषेला ओसरीवर नव्हे, घरात जागा द्यावी. त्यातच तिचे मोठेपण आहे. जबलपुरात पिढ्यान्‌पिढ्या राहूनही घरात मराठी जपणाऱ्या कुटुंबांना तर ही गोष्ट अधिक चटकन कळेल. चोहीकडे हिंदी असताना मुलांच्या ओठी आपली भाषा टिकवण्यासाठी किती जपावे लागते, हे त्यांना ठाऊक आहे. आणि त्यांच्या पाठीशी तर एक राज्य, वृत्तपत्रे आणि समृद्ध ग्रंथसंपदा आहे. गोंडीच्या पाठीशी यांतले काय आहे?

तरीही निराश होण्याचे कारण नाही. डिंडोरी जिल्ह्यातील पाटनगढच्या परधान कलावंतांनी आपली चित्रकला जगभर पोहोचवली. जनगढसिंह श्याम यांनी भिंतीवरची चित्रे कागदावर आणली. पुढे भज्जू श्याम यांना २०१८ मध्ये आणि दुर्गाबाई व्याम यांना २०२२ मध्ये पद्मश्री मिळाली. ज्या कथा गाण्यातून सांगितल्या जात होत्या, त्या आता रंगांत दिसतात. संधी मिळाली तर ही परंपरा किती फुलते, याचे हे उदाहरण आहे. रंगांना जो मान मिळाला, तो शब्दांनाही मिळू शकतो.

त्यासाठी अशक्यप्राय गोष्टींची गरज नाही. मंडला-डिंडोरीच्या प्राथमिक शाळांत गोंडी जाणणारे शिक्षक नेमता येतील. पहिली दोन पुस्तके दोन भाषांत छापता येतील. जबलपूरच्या रुग्णालयांत आणि न्यायालयांत गोंडी दुभाषे ठेवता येतील. राणी दुर्गावतीचे नाव धारण करणाऱ्या विद्यापीठात तिच्या प्रजेच्या भाषेचा अभ्यास नियमित आणि भरीव व्हावा, ही अपेक्षा तर अगदी स्वाभाविक आहे. प्रौढपणी पुन्हा हाती पुस्तक घेणाऱ्यांचाही यात मोठा वाटा आहे. ज्यांना शाळेची भाषा परकी वाटली म्हणून शाळा सुटली, ते आज आईबाप, आजीआजोबा झाले आहेत. त्यांनी अक्षरओळख करून घेतली आणि त्याच अक्षरांत आपल्या घरातील म्हणी, गाणी, झाडापाल्याची नावे लिहून ठेवली, तर एका वहीतही भाषेचा मोठा ठेवा सुरक्षित होईल. घरात नातवंडांशी आपल्या भाषेत बोलणे, याला तर सरकारी परवाना लागत नाही.

भाषा हे केवळ बोलण्याचे साधन नव्हे. रानातील कोणती मुळे खावीत, कोणत्या वाऱ्याने पाऊस येतो, कोणाशी कोणते नाते लागते, हे ज्ञान तिच्या शब्दांत साठवलेले असते. शब्द गेला की ते ज्ञानही जाते आणि मग कोणत्याही संग्रहालयाला ते परत आणता येत नाही. मदनमहाल शिळेवर उभा आहे, म्हणून तो टिकला. भाषेला मात्र शिळेचा आधार नसतो. ती माणसांच्या जिभेवर उभी असते, आणि रोज बोलली गेली तरच टिकते.